चेनच्या चित्राची उलटतपासणी

नववी-दहावीपासून बारावीपर्यंतची पुस्तके, गाइडे आणि दुकानात मिळणारे भिंतीवरचे तक्ते यांत एक चित्र हमखास असते. वर पिळाची एक शिडी. मध्यापाशी तिच्या पायऱ्या तुटतात, दोन्ही बाजू फाकतात, आणि प्रत्येक बाजूला नव्या पायऱ्या जोडल्या जाऊन खाली दोन शिड्या तयार होतात. शेजारी किंवा शिक्षकांच्या तोंडी ठरलेले वाक्य असते: पँटची चेन उघडावी तसा डीएनए उघडतो आणि त्याच्या दोन प्रती होतात. विद्यार्थी चित्र काढतात, चार नावे देतात, गुण मिळवतात.

या लेखात मला त्या चित्रावर टीका करायची आहे. चित्र खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आले आणि त्या प्रश्नाचे ते फार सुंदर उत्तर आहे. परंतु आपण वर्गात वेगळाच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर म्हणून हेच चित्र पुढे करतो. तक्रार आहे ती याची.

आधी चित्राचे श्रेय त्याला देऊ. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि मे महिन्याच्या अखेरीस दुसरा. दुसऱ्या निबंधाचा विषयच मुळी हा होता की या रचनेतून आनुवंशिकतेबद्दल काय निष्पन्न होते. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन ही जोडी पक्की असेल, तर एका बाजूवरून दुसरी बाजू बिनचूक लिहिता येते. एखादा रेणू स्वतःची प्रत काढण्याची माहिती स्वतःतच कशी बाळगू शकतो, हा तोपर्यंत कोड्यात टाकणारा प्रश्न होता. शिडीच्या चित्राने तो सोडवला. पुढे १९५८ मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजन वापरून दाखवले की जीवाणूंच्या प्रत्येक नव्या डीएनएत एक जुनी आणि एक नवी साखळी असते. चित्रावर शिक्कामोर्तब झाले.

वर्गातला प्रश्न मात्र असा असतो: पेशी विभागण्यापूर्वी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते? ही पेशी कोणाची? मुलांच्या हाताच्या त्वचेतली, प्रयोगशाळेत बघितलेल्या कांद्याच्या मुळातली, म्हणजे दृश्यकेंद्रकी पेशी. आणि चित्राबरोबर जी माहिती दिली जाते, ती विकरांची नावे, एकच दुबेळके, सरळ चाललेले काम, ती सगळी ई. कोलाय या जीवाणूवरून घेतलेली. ई. कोलायचा डीएनए म्हणजे सुमारे ४६ लाख पायऱ्यांचे एक कडे. त्याला नक्कल सुरू करायची एकच जागा असते. तिथून दोन दुबेळकी विरुद्ध दिशांनी निघतात, प्रत्येक दुबेळके सेकंदाला सुमारे १००० पायऱ्या उरकते, आणि साधारण ४० मिनिटांत ती पलीकडे एकमेकांना भेटतात. इथे चेनची उपमा बऱ्यापैकी चालते.

मेढ्याला जावळी तालुक्यातल्या शिक्षकांशी या विषयावर बोलत असताना एका बाईंनी विचारले, "सर, माणसाचा डीएनए एवढा लांब आहे, तर ही चेन उघडत शेवटपर्यंत जायला वेळ किती लागतो?" इतका साधा आणि इतका नेमका प्रश्न पाठ्यपुस्तकाने स्वतःला विचारलेला मी पाहिलेला नाही. गणित आम्ही तिथेच फळ्यावर केले. तुम्हीही वर्गात करा, सातवीचा भागाकार पुरतो.

माणसाच्या सर्वांत मोठ्या म्हणजे पहिल्या गुणसूत्रात सुमारे २४ कोटी ९० लाख पायऱ्या आहेत. आपल्या पेशीतले दुबेळके जीवाणूच्या मानाने फार मंद चालते. सेकंदाला जेमतेम ५० पायऱ्या धरा. चित्रात दाखवतात तशी चेन एका टोकापासून उघडत गेली तर जवळजवळ ५८ दिवस लागतील. मध्यावरून दोन्ही बाजूंना निघाली तरी २९ दिवस. प्रत्यक्षात माणसाच्या पेशीतले हे काम साधारण ८ तासांत आटोपते.

कांद्याचे गणित याहून गमतीचे आहे. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ८ जोड्या. एका संचात सुमारे १६०० कोटी पायऱ्या, आपल्या पाचपट. (कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट डीएनए कशाला लागतो, हा प्रश्न मुले विचारतातच. त्यातला मोठा भाग पुन्हा पुन्हा आलेल्या मजकुराचा आहे, एवढे सांगून पुढे जावे.) एका गुणसूत्राच्या वाट्याला सरासरी २०० कोटी पायऱ्या आल्या. वेग तोच धरला तर मध्यावरून दोन्हीकडे निघूनही २३१ दिवस लागतील. रोप टाकून, लावण करून, कांदा काढून चाळीत भरला तरी मुळातल्या एका पेशीची एक नक्कल पुरी झालेली नसेल! आणि तरीही पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते.

म्हणजे चित्रात काहीतरी मूलभूत राहून गेले आहे. ते काय, हे जावळीतल्या माणसाला भातलावणीवरून सांगता येते. मोठे खाचर एका माणसाने एका कोपऱ्यातून लावायला घेतले तर पाऊस संपेल. म्हणून माणसे ठिकठिकाणी उभी राहतात, प्रत्येक जण आपल्या जागेपासून लावत सरकतो, शेजाऱ्याची लावलेली ओळ लागली की थांबतो. आपल्या पेशीत नक्कल अशीच चालते. प्रत्येक गुणसूत्रावर शेकडो-हजारो आरंभस्थाने असतात. तिथे डीएनए उकलून एक फुगवटा तयार होतो, फुगवट्याच्या दोन्ही टोकांची दुबेळकी विरुद्ध दिशांना सरकतात, आणि शेजारचे फुगवटे एकमेकांना मिळत अखेर सगळी शिडी दुहेरी होते. ह्युबरमन आणि रिग्ज यांनी १९६८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींतला डीएनए किरणोत्सारी थायमिडीनने खूण करून फोटोच्या फिल्मवर पसरला, तेव्हा एका सलग रेषेऐवजी एकाच धाग्यावर तुटक तुटक रेघांची रांग उमटली. चेनचे चित्र त्या दिवशीच अपुरे ठरले होते. त्यालाही आता पन्नास वर्षांहून अधिक काळ झाला.

किमान किती आरंभस्थाने लागतील, हेही मुलांना काढता येते. माणसाच्या पेशीतल्या दोन्ही संचांत मिळून सुमारे ६४० कोटी पायऱ्या. एका आरंभस्थानाची दोन दुबेळकी मिळून सेकंदाला १००, म्हणजे ८ तासांत २८ लाख ८० हजार. भागाकार केला की २२०० च्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षातला अंदाज मात्र ३० ते ५० हजारांचा आहे. हा फरक का, हे वर्गात विचारावे. उत्तर असे की सगळी स्थाने एकदम सुरू होत नाहीत आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच तुकडा येतो. सैल पसरलेला, वापरातला डीएनए आधी नकलला जातो; घट्ट गुंडाळलेला शेवटी. स्त्रियांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गुंडाळून निष्क्रिय ठेवलेले असते, ते या कामात हटकून मागे राहते.

आता चित्रातली दुसरी उणीव. त्याला घड्याळ नाही. विभाजनाच्या धड्यात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था यांवर आपण दोन तास घालवतो. त्याआधीच्या काळाला, इंटरफेजला, जुन्या पुस्तकांत 'विश्रांती अवस्था' म्हणत. नव्या पुस्तकांतून तो शब्द बहुतेक गेला, वर्गातल्या बोलण्यातून गेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाचे टोक पाहताना मुलांना सांगतात, "या साध्या गोल केंद्रकाच्या पेशी सोडा, त्यांत काही चाललेले नाही. गुणसूत्रे दिसतात त्या शोधा." शंभर पेशी मोजल्या तर विभाजन चालू असलेल्या मूठभरच निघतात. बाकीच्या सगळ्या 'सोडा' म्हणून सांगितलेल्या. आणि विभाजनाच्या तयारीतले सर्वांत अवघड काम त्या 'सोडलेल्या' पेशींतच चाललेले असते, डोळ्यांना न दिसता.

ते दिसत नाही म्हणूनच ते कसे शोधले हे सांगण्यासारखे आहे. १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या जातीच्या शेंगेच्या, व्हिसिया फाबाच्या, मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. डीएनएत फॉस्फरस शिरताना सापडला तो विभाजनाच्या अवस्थांत नव्हे, आणि इंटरफेजच्या सबंध काळातही नव्हे; त्याच्या मधल्या एका ठरावीक तुकड्यातच. या तुकड्याला त्यांनी एस हे अक्षर दिले आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या कालखंडांना जी-१ आणि जी-२. जी म्हणजे फक्त 'मधली फट'. त्या काळात काय चालते हे तेव्हा ठाऊक नव्हते म्हणून दिलेले ते प्रामाणिक नाव. आपल्या तक्त्यांत ही अक्षरे आता एका गोल चक्रावर दिसतात, आणि शिडीचे चित्र दुसऱ्याच पानावर, दुसऱ्याच धड्यात असते. दोन्ही एकाच घटनेची चित्रे आहेत हे विद्यार्थ्याला कोण सांगणार?

याचा परिणाम पेपर तपासताना दिसतो. 'गुणसूत्राची आकृती काढा' म्हटले की सगळे जण इंग्रजी एक्ससारखी आकृती काढतात. गुणसूत्र असेच असते अशी त्यांची समजूत. वस्तुतः ती फुली म्हणजे नक्कल पुरी झालेल्या गुणसूत्राचे चित्र आहे: मूळ आणि प्रत अजून एकमेकांना धरून आहेत. त्यांना धरून ठेवणारी प्रथिनांची कडी नक्कल चालू असतानाच घट्ट केली जातात. नक्कल होण्याआधी गुणसूत्र हा एकच धागा असतो. म्हणूनच 'एस कालखंडानंतर कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे किती?' या प्रश्नाला निम्मा वर्ग ३२ असे उत्तर देतो. गुणसूत्रे १६ च राहतात. डीएनए दुप्पट होतो. हा गोंधळ मुलांच्या आळसाचा नाही, दोन चित्रे वेगवेगळ्या धड्यांत ठेवल्याचा आहे.

माझी आणखी एक जुनी तक्रार मेसेलसन आणि स्टाल यांच्या प्रयोगाबद्दल आहे. प्रयोग अप्रतिम, पण अपकेंद्री यंत्र, सीझियम क्लोराइड, अतिनील प्रकाशात घेतलेले पट्ट्यांचे फोटो यांतले काहीही शाळेत नाही आणि जीवही जीवाणू. त्याच्या एक वर्ष आधी, १९५७ मध्ये, हर्बर्ट टेलर, फिलिप वूड्स आणि वॉल्टर ह्यूज यांनी दृश्यकेंद्रकी पेशीत तोच निष्कर्ष काढला होता, तोही मुळाच्या टोकावर, साध्या काचपट्टीवर, गुणसूत्रे डोळ्यांनी पाहून. बारावीच्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो, पण एका ओळीत, 'असेच प्रयोग' म्हणून.

त्यांनी व्हिसियाची मुळे किरणोत्सारी थायमिडीनच्या द्रावात ठेवली, म्हणजे त्या वेळात नक्कल करणाऱ्या डीएनएवर खूण पडली. मग मुळे धुऊन साध्या द्रावात ठेवली, त्यात कोल्चिसीन घातले. पुढच्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही भावंडांवर, म्हणजे फुलीच्या दोन्ही धाग्यांवर, खूण दिसली. त्याच्या पुढच्या विभाजनात प्रत्येक फुलीतला एकच धागा खुणेचा, दुसरा कोरा. जुनी साखळी एकाकडे गेली, नव्याने बनलेल्या साखळीला खूण मिळाली नाही. शिडीचे चित्र बरोबर असेल तर हेच व्हायला हवे.

कोल्चिसीन कशाला? कोल्चिसीनमुळे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे तंतू बनत नाहीत. नक्कल होते, वाटणी होत नाही, आणि दुप्पट झालेली सगळी गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात. त्यामुळे त्या पेशीतली संख्या मोजून तिच्या किती फेऱ्या झाल्या हे कळते. नक्कल आणि वाटणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. आणि हे कोल्चिसीन परदेशी बाटलीतच असते असे नाही. मेढ्याहून केळघरच्या घाटाकडे किंवा कासकडे निघाले की पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुललेली दिसते. तिच्या कंदात आणि बियांत तेच द्रव्य आहे. (ती जहाल विषारी आहे. मुलांना लांबूनच दाखवा, कंद हाताळू देऊ नका.) वर महाबळेश्वरच्या वाफ्यांतल्या स्ट्रॉबेरीत ८ संच, ५६ गुणसूत्रे असतात. नक्कल झाली पण वाटणी चुकली, असे प्रसंग निसर्गात घडल्याशिवाय असे संच साठत नाहीत.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. चित्र सांगते की नक्कल कशी होते. ती एकदाच कशी होते हे सांगत नाही. हजारो ठिकाणी काम सुरू झाले, एक तुकडा आधी पुरा झाला, तर तो पुन्हा का नकलला जात नाही? ३० हजार आरंभस्थानांपैकी दहा जरी दोनदा सुरू झाली तरी पेशीचा हिशोब बिघडेल. कर्करोगाच्या पेशींत असले बिघाड सापडतात.

जीवाणूला ही काळजी अशा स्वरूपात नाही. नक्कल पुरी व्हायला ४० मिनिटे लागत असताना ई. कोलाय चांगल्या अन्नावर दर २० मिनिटांनी विभागू शकतो, कारण तो पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू करतो. आपली पेशी नेमकी हीच गोष्ट कधी करत नाही. तेव्हा जीवाणूचे चित्र आपल्या पेशीला लावताना सगळ्यांत मोठा फरकच झाकला जातो.

भारतीय वंशाचे पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये यावर एक प्रयोग केला. तो मी शक्य असते तर प्रत्येक पुस्तकात घातला असता. त्यांनी माणसाच्या वाढवलेल्या पेशी वेगवेगळ्या कालखंडांत एकत्र आणून एका विषाणूच्या मदतीने त्यांचे पडदे जोडले, म्हणजे एका पेशीत दोन केंद्रके. नक्कल करणाऱ्या पेशीशी नक्कल न झालेली पेशी जोडली, तर तिच्या केंद्रकाने वेळेआधीच नक्कल सुरू केली. याचा अर्थ, 'सुरू करा' असा निरोप पेशीद्रवात असतो. मग नक्कल करणाऱ्या पेशीशी नक्कल पुरी झालेली, म्हणजे जी-२ मधली, पेशी जोडली. निरोप तोच, पेशीद्रव तोच. पण या केंद्रकाने पुन्हा नक्कल केली नाही. निरोप मिळाला तरी तो पाळायचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. हा अधिकार विभाजन होऊन गेल्यावरच परत मिळतो.

अधिकाराची ही कल्पना १९८८ मध्ये ब्लो आणि लास्की यांनी बेडकाच्या अंड्यांवरच्या प्रयोगातून 'परवाना' या नावाने मांडली, आणि पुढे परवाना म्हणजे कोणती प्रथिने तेही सापडले. वर्गात मी ते बामणोलीच्या लाँचवरून सांगतो. तिकिटे मिळतात ती धक्क्यावर, लाँच सुटायच्या आधी. लाँच सुटली की खिडकी बंद. चढताना तिकीट फाडतात, म्हणजे त्यावर दुसरी फेरी होत नाही. पेशीत जी-१ हा धक्का. तेव्हा प्रत्येक आरंभस्थानावर शिडी उकलणाऱ्या प्रथिनांची कडी बसवून ठेवली जातात, पण ती चालू होत नाहीत. एस सुरू करणारी विकरेच दोन कामे करतात: बसलेली कडी चालू करतात आणि नवी कडी बसवायला मनाई करतात. कडे एकदा आपल्या जागेवरून सरकत गेले की ते आरंभस्थान रिकामे होते, आणि विभाजन पुरे होईपर्यंत तिथे दुसरे येत नाही. तिकीट देणे आणि लाँच चालवणे ही दोन कामे पेशी कधीही एका वेळी करत नाही, सगळी युक्ती एवढीच आहे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. ओकाझाकी तुकडे जीवाणूत हजार-दोन हजार पायऱ्यांचे, आपल्या पेशीत शंभर-दोनशेचेच. कारण आपला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि नव्या डीएनएसाठी नवी रिळेही त्याच वेळी बनवून बसवावी लागतात. कड्याला टोक नसते, आपल्या गुणसूत्राला दोन असतात. टोकाची नक्कल पुरी होत नाही, ती झीज भरून काढणाऱ्या टेलोमेरेज विकराला २००९ चे नोबेल मिळाले, एवढे सांगितले तरी पुरे. विकरांची नावे पाठ करून घेण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मुले 'मानवी पेशीत डीएनए पॉलिमरेज-३' असे लिहितात आणि काही ठिकाणी त्याला गुणही मिळतात. पॉलिमरेज-३ जीवाणूचे. आपल्या पेशीत हे काम अल्फा, डेल्टा आणि एप्सिलॉन या नावांची पॉलिमरेजे करतात. चुकीचे नाव पाठ असण्यापेक्षा एकही नाव पाठ नसलेले बरे.

'हे सगळे शिकवायला तास कुठे आहेत?' असे कोणी म्हणेल. ही अडचण खरी आहे. पण नावे काढली की जागा होते, आणि वरचा भागाकार दहा मिनिटांत होतो. शिवाय आणखी एक गोष्ट अशी आहे की जी तुमच्या शाळेत दर आठवड्याला घडते आणि धड्याशी कोणी जोडत नाही.

चित्रात नव्या पायऱ्या कुठूनतरी येतात. हवेतून आल्यासारख्या. माणसाची एक पेशी विभागायची तर ६४० कोटी पायऱ्यांचा माल लागतो आणि तो पेशीला आधी बनवावा लागतो. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गरोदर बायकांमध्ये, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही होत्या, रक्तक्षयाचा एक जीवघेणा प्रकार आढळत होता, त्याचे कारण तिला शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. या रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या घटते, पण ज्या असतात त्या मोठ्या असतात. विल्सने त्या बायकांचे जेवण काय असते ते पाहिले, तसाच आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला, आणि अखेर यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मार्माइटने, रोगी सुधारतात हे दाखवले. १९३१ मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले, आणि १९४५ मध्ये यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालच्या गटाने अमेरिकेत ते प्रयोगशाळेत बनवले.

विल्सने शोध लावला तेव्हा शिडीचे चित्रच नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की थायमिन बनवताना एक कार्बन जोडावा लागतो आणि तो फोलिक आम्लापासून बनलेला सहविकर पुरवतो. तो कमी पडला की थायमिन कमी पडते, नक्कल रखडते, थायमिनच्या जागी यूरॅसिल बसते, ते काढताना साखळी तुटते. अस्थिमज्जेत सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, म्हणून फटका तिथे आधी बसतो. पेशीद्रव वाढत जातो, हिमोग्लोबिन बनत राहते, केंद्रक मात्र एस कालखंडात अडकलेले. विभाजन होत नाही, म्हणून पेशी मोठी. बी-१२ जीवनसत्त्व कमी असले तरी हेच होते, कारण फोलिक आम्ल पुन्हा वापरण्याजोग्या रूपात आणायला ते लागते. आणि नेमकी हीच पायरी मुद्दाम अडवून १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर पहिला तात्पुरता विजय मिळवला. औषध सुब्बाराव यांच्याच गटाचे. केमोथेरपीत केस का गळतात आणि तोंड का येते, हे ज्यांच्या घरात घडले आहे अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. ज्या पेशी सतत नक्कल करतात त्याच या औषधांच्या तडाख्यात सापडतात.

२०१२-१३ पासून शाळांत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत'मधली निळी गोळी तीच: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. ठरलेल्या वारी शिक्षक गोळ्या वाटतात, मुली चेहरा वाकडा करून गिळतात किंवा खिडकीतून टाकतात. गोळीत दोन पदार्थ का आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. लोह हिमोग्लोबिनसाठी, फोलिक आम्ल नक्कल करण्याच्या मालासाठी. आपल्याकडच्या मुलींत लोहाची कमतरता जास्त आढळते हे खरे. तिच्यात पेशी लहान आणि फिकट होतात, कारण नक्कल ठीक चालते आणि भरायला हिमोग्लोबिन नसते. दुसऱ्या कमतरतेत उलट. एकाच रोगाच्या नावाखाली पेशी कधी लहान, कधी मोठी का, हा प्रश्न विचारून पाहा. चेनच्या चित्रावरून त्याचे उत्तर देता येत नाही, एस कालखंड समजलेल्या मुलीला देता येते.

घरातल्या कोणाच्या रक्ततपासणीचा कागद असेल तर तोही वर्गात चालतो, नाव झाकून. त्यावर एम.सी.व्ही. या अक्षरांपुढे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान दिलेले असते. साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर. लोह कमी असेल तर आकडा खाली येतो, फोलिक आम्ल किंवा बी-१२ कमी असेल तर वर जातो. दोन्ही कमी असतील, आणि आपल्या भागात तसे पुष्कळदा असते, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी नव्वदच्या आसपास येऊन कागद निर्दोष दिसतो. मग काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घालून पेशी एकेक पाहाव्या लागतात.